जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनची पॉवर वाढवता येते का?

येते, पण आधी गेलेली पॉवर परत आणा. १०८९ सीसीचं इंजिन, नवं असतानाही पॉवर बेताचीच, त्यात आता कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बसलेलं असणार, म्हणून चारही सिलेंडरचं कम्प्रेशन चेक करून घ्या, एकात कमी आलं तर त्यात थोडं ऑइल टाकून परत बघा, वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व्ह. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंटचा गॅप, ठिणगीचं टायमिंग, कार्बोरेटर नीट लावून घ्या, एवढ्यानेच गाडी बरीच मोकळी होते.

त्यापुढे हेड (सिलेंडरवरचं झाकण) घासून कम्प्रेशन वाढवणं आणि पोर्ट (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा) साफ करणं, पण हेड अल्युमिनियमचं आहे, जास्त घासू देऊ नका. क्रँकला (पिस्टन फिरवतात तो दांडा) तीनच मुख्य बेअरिंग, त्यामुळे जास्त आरपीएमचा, म्हणजे इंजिन फार जोरात फिरवायचा, हट्ट नको. आणि ब्रेक चारही ड्रम आहेत हो, आधी ते बघा!