पॉवर बीआयमध्ये दुकानांची बेरीज आणि टोटल जुळत नाही, दुरुस्त कसं करायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या साधनातल्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी-कॉलमांच्या तक्त्यात, विभाग, शहर, दुकान अशी उतरंड आहे, ग्राहकसंख्या, सरासरी बिल आणि शिल्लक साठा या तिन्हींत दुकानांच्या ओळींची बेरीज शहराच्या आकड्याशी जुळत नाही, आणि साहेब म्हणतात रिपोर्टच चुकलाय.

ग्राहक आणि सरासरी बिलाच्या बाबतीत बहुधा काहीच चुकलेलं नाही. टोटलची ओळ ही इतर ओळींची बेरीज नसतेच. तेच मेझर (आकडा काढणारं सूत्र) त्या पातळीवर, दुकानाचा फिल्टर नसताना, नव्याने मोजलं जातं. विक्रीची रक्कम दोन्ही रीतींनी सारखीच येते, म्हणून एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही.

समजा पुण्यात दोन दुकानं आहेत. कोथरूडला २१०० वेगवेगळे ग्राहक, हडपसरला १८०, आणि ९० जण दोन्हीकडे जातात. डिस्टिंक्टकाउंट, म्हणजे एकाला एकदाच मोजणारं फंक्शन, पुण्यासाठी २१९० दाखवणार आणि तेच बरोबर. २२८० हवेच असतील तर वेगळं मेझर करा आणि त्याचं नाव ‘दुकाननिहाय ग्राहकांची बेरीज’ असं सरळ ठेवा. इझइनस्कोप (ओळ कोणत्या पातळीची ते ओळखणारं फंक्शन) लावून टोटलच्या जागी बेरीज बसवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी देणार नाही. चार दिवसांनी कुणीतरी तोच आकडा घेऊन दरडोई खर्च काढतं आणि मग निस्तरत बसावं लागतं.

सरासरी बिलाचं सोपं आहे. कोथरूडची विक्री ९ लाख, बिलं ३०००, सरासरी ३०० रुपये. हडपसरची २ लाख, बिलं २००, सरासरी १००० रुपये. पुण्याची सरासरी ६५० नव्हे. ११ लाख भागिले ३२००, म्हणजे ३४४ रुपयांच्या आसपास. त्यामुळे भागाकार टेबलच्या कॉलममध्ये कधीच साठवू नका. विक्री आणि बिलांची संख्या वेगवेगळी ठेवा, डिव्हाइड मेझरमध्ये करा. मार्जिनचे टक्के, वाढीचे टक्के, सगळ्यांना हेच लागू.

साठ्यात मात्र खरोखर चूक असू शकते. साठा दुकानांमध्ये बेरजेला चालतो, तारखांमध्ये चालत नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचा शिल्लक साठा मिळवून तिमाहीचा होत नाही, मार्चअखेरचाच घ्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक जण लास्टनॉनब्लँक, म्हणजे शेवटची भरलेली तारीख शोधणारं फंक्शन, लावतात आणि तिथेच फसतात. कोथरूडने ३१ मार्चला मोजणी केली, हडपसरने २९ला. दुकानाच्या ओळीत दोन्ही आकडे बरोबर दिसतील. पुण्याच्या ओळीत मात्र ‘शेवटची भरलेली तारीख’ ३१ ठरते आणि हडपसरचा साठा गुपचूप गळतो. इथे टोटल कमी दिसते ती खरोखरच चुकीची. उपाय असा: शेवटचा मोजलेला साठा काढणारं मेझर आधी लिहा, मग दुसऱ्या मेझरमध्ये समएक्स (एकेक घेऊन मोजून बेरीज करणारं फंक्शन) वापरून व्हॅल्यूजने मिळणाऱ्या दुकानांच्या यादीवर ते एकेक करून चालवा. प्रत्येक दुकान आपापली शेवटची तारीख शोधेल आणि बेरीज त्यानंतर होईल. वस्तूही वेगवेगळ्या दिवशी मोजत असतील तर दुकान आणि वस्तूच्या जोडीवर चालवा. जरा संथ होईल, पण बरोबर येईल.

फक्त एक बघा: माल संपला तेव्हा शून्याची नोंद होते का? होत नसेल तर शेवटची भरलेली तारीख जुनी सापडते आणि दोन महिन्यांपूर्वी संपलेला माल रिपोर्टमध्ये शिल्लक दिसत राहतो. हे डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत, सुटत नाही, डेटा जिथून येतो तिथेच सुधारावं लागतं.

शेवटचा मुद्दा वेगाचा. रोजच्या ग्राहकसंख्येचं तयार टेबल करून महिन्याची संख्या काढता येणार नाही. कोण कोण आलं हेच त्यात उरत नाही. दिवस, दुकान आणि ग्राहक क्रमांक एवढ्या तीन कॉलमांचं टेबल ठेवलंत तरी मूळ बिलांपेक्षा ते बरंच हलकं होतं. तेही जड गेलं आणि अंदाजी आकडा चालणार असेल, तर डेटाबेसमध्ये हायपरलॉगलॉग (वेगवेगळे किती हे अंदाजे मोजणारी पद्धत) आहे का पाहा. त्याचे रोजचे सारांश एकमेकांत मिसळता येतात. रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये एक सारांश फार तर १२ केबी घेतो आणि प्रमाणित त्रुटी ०.८१ टक्के असते. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) हवा असेल तर मात्र एकेका बिलाचीच रक्कम लागेल, दुकानांच्या मध्यकांवरून शहराचा मध्यक निघत नाही.