नकाशावरचा सर्वात मोठा आकडा म्हणजेच लोहखनिजाचा साठा असे समजावे का?

आपण विचारले आहे की, चुंबकीय सर्वेक्षणाच्या नकाशावर जिथे सर्वाधिक आकडा दिसतो, तिथेच वेधन (म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडून खनिजाचा शोध) करावे का. अशा नकाशांवर काम केलेला माणूस म्हणून माझे उत्तर ‘सहसा नाही’ असे आहे.

मॅग्नेटोमीटर लोखंड मोजत नाही. तो त्या जागेवरील चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजतो. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते आणि खडकातील मॅग्नेटाइट हे तीव्र चुंबकत्व असलेले लोहखनिज त्यात स्थानिक भर किंवा घट घडवून आणतो. हेमॅटाइट या दुसऱ्या लोहखनिजामध्ये लोहाचे प्रमाण सुमारे ७० टक्के, म्हणजे मॅग्नेटाइटच्या ७२ टक्क्यांच्या जवळपास असले, तरी त्याचे चुंबकत्व अत्यंत क्षीण असते. त्यामुळे पट्टेदार लोहशिलांमधील मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकरण होऊन जिथे उच्च प्रतीचे हेमॅटाइट तयार झालेले असते, नेमका तोच भाग नकाशावर दबलेला दिसू शकतो, आणि केवळ उंचवट्यांच्या (म्हणजे नकाशावरील जास्त आकड्यांच्या; कमी आकडे म्हणजे खळगे) मागे लागणारा संशोधक सर्वोत्तम खनिज ओलांडून पुढे निघून जातो. अशा ठिकाणी गुरुत्वीय सर्वेक्षणाची (म्हणजे गुरुत्वाकर्षणातील बारीक फरकांच्या मोजणीची) जोड द्यावी, कारण हेमॅटाइटची घनता दर घन सेंटीमीटरला ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्वार्ट्झच्या जवळजवळ दुप्पट असते. उलट बेसाल्ट किंवा गॅब्रोसारखे खडकही मोठ्या विसंगती (म्हणजे नेहमीच्या क्षेत्रापेक्षा वेगळ्या नोंदी) देतात आणि त्यांत खाणीजोगे काहीच नसते.

दुसरी अडचण जागेची आहे. पृथ्वीच्या बलरेषा ध्रुवांजवळ जवळजवळ उभ्या, तर चुंबकीय विषुववृत्ताजवळ आडव्या असतात. त्यामुळे एकच खनिजपिंड ध्रुवाजवळ डोक्यावर उंचवटा दाखवील आणि विषुववृत्ताजवळ खळगा दाखवील. उत्तर गोलार्धातील मधल्या अक्षांशांवर उंचवटा पिंडाच्या दक्षिणेकडे सरकतो. म्हणून नोंदी गणिताने ध्रुवावरील स्थितीत आणून मगच वाचतात. खडकाने प्राचीन काळी धारण केलेले चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या दिशेत नसेल, तर मात्र हे गणितही दगा देते.

खोलीचा अंदाज विसंगतीच्या आकारावरून येतो: अरुंद व तीव्र असेल तर स्रोत उथळ, रुंद व मंद असेल तर बहुधा खोल. हे ‘बहुधा’ विसरू नये, कारण निरनिराळ्या खोलीचे आणि आकाराचे पिंड एकसारखीच नोंद देऊ शकतात. रशियातील कुर्स्क येथील विसंगती अठराव्या शतकातच लक्षात आली होती आणि तिथे होकायंत्र भलतीच दिशा दाखवत असे. तरीही आरंभीच्या वेधनात खनिज लागले नाही, ते हाती आले १९२३ साली.

मोजणीतील दक्षतेबद्दल थोडक्यात सांगतो. क्षेत्र दिवसभरात साधारण दहा ते शंभर नॅनोटेस्लांनी बदलते, म्हणून एक उपकरण एकाच जागी ठेवून तो बदल वजा करावा लागतो. चुंबकीय वादळाच्या दिवशी काम थांबवलेले बरे. तारेचे कुंपण, वाहन, वीजवाहिनी आणि खिशातील किल्ल्यासुद्धा दूर असाव्यात (किल्ल्यांचा हा नियम जुनेजाणते लोकही विसरतात).

आपल्या नकाशावर उंचवट्याला लागून खळगा असेल, तर दोन्हींवरून आडव्या जाणाऱ्या रेषेवर कमी अंतराने पुन्हा मोजणी करावी, त्याच रेषेवर गुरुत्वीय नोंदी घ्याव्यात आणि पृष्ठभागावरील खडकांचे नमुने तपासावेत. पहिल्या वेधनाची जागा आणि तिरपेपणा या तिन्हींचा मेळ घालून ठरवावा.