जुन्या पिकअपला नव्या मॉडेलचे कंपनीचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसतील का?

बसू शकतात, पण फक्त गाडीचं नाव तेच आहे म्हणून घेऊ नका. रावेर-सावद्याकडे केळी भरणाऱ्या गाड्यांचे मागचे पाटे वजनाने दबून सपाट झाले की हा प्रश्न हमखास येतो.

आधी जुना पाटा काढून टेप लावा: डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (डोळा म्हणजे पाट्याच्या टोकाची गोल कडी) लांबी, पट्टीची रुंदी, डोळ्यातल्या पिनची जाडी. सगळ्यात महत्त्वाचा सेंटर बोल्ट, म्हणजे पाट्याच्या सगळ्या पट्ट्या एकत्र धरणारा बोल्ट. त्याचं डोकं अॅक्सलवरच्या भोकात बसतं. तो थोडा जरी पुढेमागे असला, तर अख्खा अॅक्सल सरकतो, चाक मडगार्डच्या मधोमध राहत नाही आणि प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) ताण येतो. असा पाटा सरळ परत करा. भोक वाढवून बसवणारा मिस्त्री टाळाच.

नव्या पाट्याची कमान जास्त असेल तर मागची बाजू उचलते. मग शॉकअप पूर्ण ताणला जात नाही ना आणि ब्रेकचा होज (रबरी पाइप) ओढला जात नाही ना, हे चाकं लटकती ठेवून बघा. डोळ्यातले बुश आणि पाटा अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या, थोडी गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळा.

आणि पाटे जाड झाले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ब्रेक, टायर, चॅसी जुनीच आहे.