किलोवरचे कपडे: काट्याआधी काय बघायचं?

मंगल कार्यालयांत आणि हॉलमध्ये लागणाऱ्या किलोवरच्या जुन्या कपड्यांच्या सेलबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: सेलला ‘६०० रुपये किलो’ असा फलक होता. स्वस्त म्हणून घ्यायला गेले, बिल तेराशेच्या वर गेलं. घरी येऊन बघते तर दोन जीन्स, एक हुडी आणि एक टी-शर्ट. काट्यात गडबड असेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, काटा बहुतेक बरोबर होता, चूक निवडीत झाली. मोठ्या माणसाची जीन्स ७०० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे दोन जीन्स १,४०० ग्रॅम. जाड हुडी ६०० ग्रॅम, टी-शर्ट १८० ग्रॅम. एकूण २ किलो १८० ग्रॅम, त्याचे १,३०८ रुपये. यातला टी-शर्ट १०८ रुपयांना पडला, तो सौदा चांगला. पण वापरलेली जीन्स ४२० रुपयांना घेण्यापेक्षा कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात घासाघीस करून नवी बघितलेली बरी.

किलोच्या दरात जाड कापड महाग पडतं आणि पातळ कापड स्वस्त. म्हणून हात आधी विंडचीटर (साधारण ३०० ग्रॅम), जॉर्जेट-शिफॉनच्या साड्या (३०० ते ४०० ग्रॅम), फॉर्मल शर्ट (२०० ते २५० ग्रॅम), लहान मुलांचे फ्रॉक आणि रेशमी ओढण्यांकडे जाऊ दे. चादरी, टॉवेल, डेनिम जॅकेट शेवटी. त्यातही टॉवेल नकोच.

तरी काटा बघायचाच. टोपली ठेवण्यापूर्वी आकडा शून्य आहे का, टोपलीचं वजन वजा केलंय का, आणि काटा किती ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो, हे बघा. टप्पा १०० ग्रॅमचा असेल तर एकेक कपडा वेगळा तोलून घेऊ नका, सगळे एकदम ठेवा. वैधमापनचा (वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का काट्यावर दिसला पाहिजे. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पर्समध्ये असला की आधीच अंदाज येतो, भांडायची वेळ येत नाही.

पावसाळ्यात सुती कपडा हवेतली ओल ओढतो. उन्हाळ्यात ७०० ग्रॅम भरणारी जीन्स आषाढात ३०-४० ग्रॅमनं जड भरू शकते. वीसेक रुपयांचा फरक, त्यासाठी कोणी डोकं लावू नये. पण हाताला दमट लागलेला गठ्ठा मात्र सोडून द्या. त्याचा कुबट वास घरी आणून काढणं जिकिरीचं.

प्रश्न: ट्रायल रूम नसते, परत घेत नाहीत, गर्दी तर विचारूच नका. अशात कपडा तपासायचा कसा?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: माप घरूनच न्या. अंगाला नीट बसणारा शर्ट जमिनीवर पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांदा ते खांदा आणि कॉलरखालून घेरापर्यंत असं मोजा आणि आकडे मोबाईलमध्ये टिपून ठेवा. पँटचा कमरपट्टा सपाट मोजून दुप्पट करा. लेबलवरच्या आकड्यावर भरवसा नको, ३२ लिहिलेली पँट टेपवर ३४ निघणं रोजचंच. जुन्या कपड्याचं एक बरं असतं, आटायचा तो आटून झालेला असतो, त्यामुळे आज जे माप दिसतं ते साधारण तसंच राहतं.

मग कपडा उलटा करा. पुढून सगळेच छान दिसतात. काखेतली शिवण, पँटची सीट आणि दोन मांड्यांमधला भाग उजेडासमोर धरा. तिथं कापड जाळीसारखं विरळ दिसलं तर चार धुण्यांत फाटणार, आणि विरलेल्या कापडावर टाका टिकत नाही. नुसती शिवण उसवलेली असेल तर ते दहा मिनिटांचं काम, तेवढ्यासाठी चांगला कपडा सोडू नका. लोकरीच्या कपड्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की कसर लागलेली आहे. असा एक स्वेटर कपाटातल्या बाकीच्यांनाही लावील.

इलॅस्टिक कानाजवळ धरून ताणा. कुरकुरलं किंवा ताणल्यावर लगेच मागं आलं नाही तर ते मेलंय. चेन तीनदा वर-खाली करा. दात शाबूत असूनही चेन मागून उघडत असेल तर फक्त रनर सैल झालाय, तो बदलून मिळतो. दात तुटला असेल तर अख्खी चेन बदलावी लागते, तो खर्च मनात धरा. शर्टाची कॉलर घडीवर विरली असेल तर जुना टेलर ती उसवून उलटी लावून देतो. नव्या मुलांना हे काम बहुधा येत नाही.

प्रश्न: परदेशी लेबलचे हे कपडे येतात कुठून?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: वापरलेले कपडे भारतात आणायला परवाना लागतो, सरसकट आयात खुली नाही. गुजरातेतल्या कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असे गठ्ठे उघडून निवडतात आणि पुन्हा परदेशी पाठवतात. फाडलेल्या चिंध्या पानिपतला जातात, तिथं त्यांचं सूत काढून घोंगड्या होतात. सेलमध्ये मात्र वापरलेले, निर्यातीतून उरलेले नवे आणि बोहारणींकडून आलेले, असे सगळेच एकत्र असू शकतात. लेबल मधोमध कापलेलं आणि कापड कोरं दिसलं तर तो निर्यातीचा उरलेला माल असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: मुलगा शिकायला अमेरिकेत गेलाय. तिकडं गुडविलच्या आउटलेटमध्ये पौंडावर कपडे मिळतात म्हणतो. थंडीचे कपडे तिथून घ्यावेत का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: जरूर घ्यावेत. गुडविल ही १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्यांनी सुरू केलेली, दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणारी संस्था. तिच्या नेहमीच्या दुकानांत न खपलेला माल आउटलेटमध्ये येतो आणि चाकांच्या मोठ्या हौदांत ओतलेला असतो. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. दर शहरागणिक वेगळा असतो, कारण तिथल्या प्रादेशिक संस्था स्वतंत्र आहेत.

हौदांची नवी रांग आली की कर्मचारी खूण करेपर्यंत कोणी हात घालायचा नाही, हा तिथला नियम. जाड हातमोजे घालायला सांगा, तळाशी फुटकी काच असते. पिसं भरलेलं जॅकेट उबदार आणि हलकं, वजनावर घ्यायला त्याहून चांगली वस्तू नाही. फक्त शिवणीतून पिसं बाहेर येतायत का बघावं.

तिथून मिक्सर, इस्त्री आणू नका म्हणावं. त्यांची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. इथं लावताच जळेल. कोणी बाळासाठी जुना पाळणा सुचवला आणि त्याची एक बाजू खाली सरकणारी असेल, तर तोही नको. जून २०११ पासून तिथं असे पाळणे विकायला बंदी आहे.

प्रश्न: घरी आणल्यावर धुवायचे कसे? डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही.
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर: पिशवी पलंगावर ठेवू नका, ढेकणांचा प्रवास असाच होतो. सुती कपडे ६० अंश पाण्यात धुतले की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. लोकरीला हे चालत नाही. ती पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा.

डांबरगोळी पाण्यात विरघळत नाही, हवेत उडते. म्हणून धुण्याआधी कपडा सावलीत, वाऱ्यावर काही दिवस टांगा. कुबट वासाला बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर, अर्धा तास. त्यात ब्लीच कधीही घालू नका, विषारी वायू होतो. काखेतले पिवळे डाग क्लोरीनच्या ब्लीचनं आणखी पिवळे पडतात, तिथं सोडियम परकार्बोनेट (क्लोरीन नसलेली, डाग काढायची पावडर) वापरा.

प्रश्न: बूट आणि लेदर जॅकेट घ्यावं का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: खऱ्या चामड्याचं जॅकेट घ्या, रेक्झिनचं नको. रेक्झिनवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांत सुटतो, पापुद्रे निघतात आणि त्याला इलाज नाही. बुटांच्या फोमच्या तळव्याचं तसंच. न वापरता पडून राहिलेला बूटही चार पावलांत भुग्यासारखा सुटतो. अंगठ्याच्या नखानं तळवा दाबा. खूण तशीच राहिली किंवा नखाला पूड लागली तर बूट परत ठेवा.