इराणच्या हिजाबवर लिहिण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा वाचला. पहिल्याच परिच्छेदात ‘बुरखा’ सात वेळा आलाय, आणि लेख इराणवर आहे. इराणी बाई डोक्याला बांधते तो रुमाल म्हणजे रुसरी. शाळेत आणि सरकारी कचेरीत चालते ती शिवलेली, हनुवटीखाली बंद असणारी मगनए. डोक्यापासून घोट्यापर्यंत येणारी, पुढून हाताने धरायची ती चादोर, म्हणजे आपलीच चादर. चेहरा झाकायची तिथे सर्रास पद्धत नाही. तू ‘बुरखा’ लिहिलंस की वाचकाच्या डोळ्यांपुढे अफगाणिस्तान येतो.

सत्तरच्या दशकातल्या तेहरानच्या स्कर्टवाल्या मुलींचा फोटोही काढून टाक. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. बाजारपेठेतल्या आणि खेड्यांतल्या बायका तेव्हाही चादोरच पांघरत होत्या. त्याच्याही आधी, 8 जानेवारी 1936 रोजी, तेव्हाचा राजा रझा शाह याने हिजाब उतरवायला लावला. पोलीस रस्त्यात चादोर ओढून काढत, म्हणून कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. 1941 मध्ये शाहला गादी सोडावी लागली आणि ती सक्ती ढिली पडली. मार्च 1979 मध्ये, क्रांतीनंतर, तिचे नेते खोमेनी यांनी कचेऱ्यांत हिजाब हवा म्हटलं, तर 8 मार्चला हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. 1983 पर्यंत सक्ती कायद्यात आली. उतरवायचा हुकूम वरून, चढवायचाही वरूनच. तुझ्या लेखाचा कणा हा हवा, कापड नव्हे.

कायद्याबद्दल नेमकं लिही. 1996 च्या दंडसंहितेतल्या कलम 638 च्या पुरवणीत 10 दिवस ते 2 महिने कैद किंवा 50 हजार ते 5 लाख रियाल दंड अशी शिक्षा होती. नवा कडक कायदा संसदेने सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर केला, पण डिसेंबर 2024 मध्ये अंमल सुरू व्हायच्या तोंडावर सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तो थांबवला. इथे ‘स्थगित’ लिही, ‘रद्द’ नको. डिसेंबर 2022 मध्ये सरकारी वकिलाच्या एका मोघम वाक्यावरून जगभर ‘नैतिकता पोलीस (म्हणजे हिजाबची सक्ती राबवणारे) बरखास्त’ असे मथळे झाले. जुलै 2023 मध्ये त्यांची गस्त पुन्हा सुरू झाली.

आता व्हिडिओ. तू घेतलेल्या तिसऱ्या क्लिपमधली पाटी थांबवून बघ. फारसीत 4, 5 आणि 6 हे आकडे अरबीपेक्षा वेगळे काढतात, आणि प, च, ग यांची अक्षरं मूळ अरबी लिपीत नाहीत (उर्दूत आहेत, तेव्हा पाकिस्तानची शक्यता वेगळी तपास). मग मोटारींच्या पाट्या: डावीकडे निळी पट्टी, उजव्या टोकाला दोन आकडी प्रांतक्रमांक. तेहरानमध्ये दिशा शोधणं सोपं, कारण अल्बोर्झचे डोंगर उत्तरेला आहेत आणि शहर दक्षिणेकडे उतरतं. रस्त्याकडेच्या चरातलं पाणीही त्याच बाजूला वाहतं. चित्रण करणारे पुष्कळदा तारीख बोलून दाखवतात, ती त्यांच्या सौर पंचांगाची. वर्षात 621 मिळव, 1 जानेवारी ते नवरोझ (इराणी नववर्ष, 21 मार्चच्या सुमारास) या काळासाठी 622. हिजाबवरून पकडलेल्या आणि कोठडीत असताना दगावलेल्या महसा (कुर्दी नाव जिना) अमिनीचा मृत्यू 25 शहरीवर 1401 चा, म्हणजे 16 सप्टेंबर 2022 चा. त्याआधीची क्लिप ‘महसा आंदोलन’ म्हणून फिरत असेल तर ती तिथेच बाद.

खात्यावर दिसणाऱ्या ठिकाणावर विसंबू नकोस. फेसबुक, ट्विटर (आताचं एक्स) आणि यूट्यूब 2009 पासून बंद, टेलिग्राम 2018 पासून, इन्स्टाग्राम सप्टेंबर 2022 पासून. माणसं व्हीपीएनमधून (खरं ठिकाण लपवणाऱ्या जोडणीतून) येतात. शिराझची मुलगी नेदरलँड्सची दिसेल. उलट, इंग्रजीत धडाधड लिहिणारे बरेचसे परदेशस्थ असतात. त्यांचं म्हणणं जरूर घे, पण ‘इराणी जनता म्हणते’ असं त्यावर लिहू नकोस. फारसी शब्द फारसी लिपीतच टाकून शोध. रोमन लिपीत शोधलंस की हाती तीच पंचवीस खाती लागतात.

ज्या पाटीवरून तू जागा ओळखलीस, तीच छापण्याआधी पुसायची. एप्रिल 2023 मध्ये पोलिसांनी हिजाब न घातलेल्या बायका ओळखायला कॅमेरे लावत असल्याचं जाहीर केलं, गाडीत बाई बिनहिजाबची दिसली तर गाडीमालकांना संदेश जातात, आणि ‘नाझेर’ नावाच्या अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक, जागा नि वेळ कळवता येते. म्हणजे चेहरा धूसर करून क्रमांक तसाच ठेवलास तर बाई सापडलीच. क्लिपमधला आवाजही काढून टाक. काहीशे अनुयायी असलेल्या खाजगी खात्याचा दुवा देऊच नकोस. तुझ्या लेखाला त्याने काही मिळत नाही, तिला मात्र समन्स येऊ शकतं.

कर्नाटकातल्या उडुपीच्या कॉलेजमधल्या हिजाबबंदीचा परिच्छेद हवा का, असं विचारलंयस. ठेव, पण दोन ओळींचा. तिथल्या मुली वर्गात हिजाब घालू द्या म्हणत होत्या, इराणातल्या उतरवू द्या म्हणत होत्या. त्या बंदीवरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा दुभंगलेला निकाल 13 ऑक्टोबर 2022 चा, म्हणजे महसाच्या मृत्यूला महिनाही झाला नव्हता. वाचक दोन्ही गोष्टी एकत्र कालवणारच, म्हणून तारखा शेजारी शेजारी लिही आणि भाष्य करू नकोस.

दुरुस्त खर्डा पाठवताना प्रत्येक चित्रासोबत ते पहिल्यांदा कधी दिसलं ती तारीख लिही. ज्याची सापडणार नाही, ते वगळ.