मुले आई-वडिलांच्या वस्तू घेऊन जातात आणि परत देत नाहीत. हा अनादर समजावा का?

आपण लिहिले आहे की, ११ आणि १६ वर्षांच्या आपल्या मुली कात्री, चार्जर, स्वेटर अशा आपल्या वस्तू घेऊन जातात, वारंवार सांगूनही परत आणून देत नाहीत आणि त्यामुळे त्यांना आपल्याविषयी आदरच उरला नाही, असे आपल्याला वाटू लागले आहे. तसे समजू नये, असे मला मनापासून वाटते.

मी घरी शिवणकाम करते. माझी कापडाची कात्री मुलाने एकदा शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठा आणि चिकटपट्टी कापायला नेली. चार दिवसांनी ती त्याच्या पलंगाखाली सापडली, तेव्हा दोन्ही पात्यांवर गोंदाचा थर बसला होता आणि कापड कापले जाण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडत होते. मी त्याला खूप बोलले. तो मात्र गोंधळून उभा होता. कात्री नेल्याचे त्याला आठवत होते, पण ती परत ठेवायची राहिली आहे, हे त्याच्या गावीही नव्हते.

मुख्य हेतू साध्य झाल्यावर उरणारी शेवटची पायरी माणसाच्या हातून सुटते, हे मला नंतर वाचनातून समजले. मायकेल बर्न आणि सुझन बोवेर या संशोधकांनी १९९७ मध्ये नेमक्या याच चुकीवर शोधनिबंध लिहिला होता. झेरॉक्स काढून झाल्यावर मूळ कागद यंत्रातच राहतो, पैसे हाती आले की कार्ड एटीएममध्ये विसरते, हे सगळे त्याच जातीचे विसरणे आहे. म्हणूनच अनेक एटीएम आधी कार्ड परत देतात आणि मगच पैसे. पुठ्ठा कापून झाला, त्या क्षणी माझ्या मुलाच्या लेखी काम संपले होते. "ही वस्तू आईची आहे" हे त्याला ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर, संशोधकाने हातात घालून चालवलेली बाहुली दुसऱ्याच कुणाची वस्तू घेऊ लागली, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांनीही हरकत घेतली होती. त्यामुळे मालकीवर व्याख्यान देऊन फारसे काही साधत नाही.

आपल्या धाकटीसाठी परत देण्याची पायरी काम संपण्याच्या आधी आणून ठेवावी. मी मुलाला सांगितले, "प्रकल्प दाखवायला येशील तेव्हा कात्री हातात घेऊन ये, मग मी बघते." त्याला दाखवण्याची घाई असते, त्यामुळे कात्रीही येते. शिवाय वस्तू आपण स्वतः शोधून आणू नये. आपण चिडचिड करत का होईना, ती उचलून आणली की ती पायरी आपणच पूर्ण केलेली असते. मुलीला हाक मारावी, हातातले काम थांबवून ती वस्तू जागेवर ठेवायला सांगावी आणि त्या वेळी मागचे काहीही उकरून काढू नये. घरातल्या सर्वांसाठी एक वेगळी कात्री आणून ठेवली, तर निम्मी भांडणे मिटतात, हाही माझा अनुभव आहे.

हे करताना मुलाने मला विचारले होते, "तू माझ्या दप्तरातून पेन घेतेस, तेव्हा मला विचारतेस का?" मी विचारत नव्हते. आता विचारते, आणि त्याने नाही म्हटले तर दुसरे पेन शोधते.

थोरलीचा स्वेटर ही गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. १६ व्या वर्षी आईचा कपडा घालावासा वाटणे यात जवळीकही असते, आणि ती रागाच्या भरात तोडून टाकू नये. तिच्याशी निवांत बसून बोलावे: कोणते कपडे तिने न विचारता घ्यावेत, कोणत्यांना हात लावण्याआधी विचारावे आणि एखाद्यावर डाग पडला तर तो लपवून न ठेवता त्याच दिवशी सांगावे. एखादा स्वेटर तिला खरोखरच फार आवडत असेल आणि आपण तो क्वचितच घालत असाल, तर तो तिला देऊन टाकण्याचा विचारही जरूर करावा.