वर्षाचं धान्य फ्लॅटमध्ये कसं साठवायचं? किडे होऊ नयेत म्हणून गोळ्या टाकल्या तर चालतील का?

गोळ्या टाकू नका, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल पण हे आधी. तुम्ही लिहिलंय की गावाकडून गहू, शाळू, तुरीची डाळ आणलीय, सांगलीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, घरात लहान पोरं आहेत आणि दुकानदार म्हणाला कोठीत दोन गोळ्या टाका, वर्षभर बघायला नको. त्या गोळ्या म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या दमटपणानेच त्यातून फॉस्फीन गॅस सुटतो, कोठीच्या फटीतून खोलीत पसरतो आणि त्यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. वास आला की कळेल असं समजू नका, कधी येतो कधी येत नाही. कायद्यानेही ती सरकारी गोदामवाल्यांनी नाहीतर पेस्ट कंट्रोलवाल्यांनी वापरायची, आपण झोपतो त्या घरात नाही. आधीच टाकली असेल तर कोठी उघडून हुडकत बसू नका, पाणी तर अजिबात ओतू नका, त्याने गॅस आणखी जोरात सुटतो. पोरांना घेऊन बाहेर पडा, ११२ ला फोन करा आणि कुणाला मळमळ, छातीत जड असं काही वाटलं तर थेट दवाखाना गाठून गोळीचं नाव सांगा.

आता किड्यांचं. आपल्याला वाटतं ते बाहेरून डब्यात शिरतात, पण बऱ्याचदा दाण्यातूनच घरी येतात. मूठभर मूग किंवा चवळी उजेडात धरून बघा, दाण्यावर पांढरा ठिपका चिकटलेला दिसला की ते भुंग्याचं अंडं, अळी तिथूनच आत जाते आणि दाणा खाऊन गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. गव्हातला सोंडा तर दाणा कोरून आत अंडं घालतो आणि वरून लिंपून टाकतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि उबदार दमट हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार.

म्हणून धान्य कडक वाळलेलं पाहिजे आणि डबा हवाबंद पाहिजे, मग गोळीची गरजच नाही. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर चालायची, जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि किडा जगत नाही, पेव उघडल्यावर माणूससुद्धा लगेच आत उतरायचा नाही. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली, फार वाईट वाटतं.

गच्चीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. आणि संध्याकाळी गरम गरम भरू नका हं, पूर्ण गार होऊ दे, नाहीतर टोपणाला आतून घाम सुटतो आणि तिथेच बुरशी धरते. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून कुरकुरीत झालेलाच घाला. बिब्बे घालतात बरेच जण, पण पोरं हात घालतात आणि बिब्बा उततो, त्यामुळे तुमच्याकडे नकोच. बोरिक पावडर मी तांदळाला लावत नाही, ती खायची वस्तूच नाही.

एक मोठी कोठी भरण्यापेक्षा दहा-पंधरा किलोचे डबे करा म्हणजे रोज एकच उघडला जातो. नवीन धान्य जुन्यावर ओतू नका. डबे पाटावर, भिंतीपासून थोडे लांब ठेवा. एमआयडीसीतले निळे पिंप स्वस्त मिळतात पण आधी त्यात कुठलं केमिकल होतं ते आपल्याला कळत नाही, त्यात धान्य भरायचं नाही.

रवा, मैदा, बेसन आणल्यावर आठवडाभर फ्रीजरला ठेवा, किडा अंड्यासकट मरतो, फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पाणी धरतं. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, ते लागेल तसंच दळून आणा.

आणि शेंगदाणे. टोके झालेला गहू चाळून, ऊन देऊन खाता येतो पण बुरशी आलेल्या, काळपट, कुबट वासाच्या दाण्याला तो नियम लावू नका, त्यातलं विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. कूट करून खपवू नका, गुरांना, कोंबड्यांनाही घालू नका, सरळ टाकून द्या.